हार्मोनच्या गोळ्या नको असतील तर: पाळी जाताना कोणत्या त्रासावर काय करायचं

पाळी जायच्या वयात त्रास सुरू झाला की आपल्याकडे बाईला ठरलेले दोन सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, "सगळ्यांनाच होतं, दुर्लक्ष कर." आणि ग्रुपवर कुणीतरी कॅप्सूलची जाहिरात पाठवतं. डॉक्टरांनी हार्मोन सुचवले की पोटात गोळा येतो, म्हणून मग तिसरं काहीतरी शोधणं सुरू होतं.

हे तिसरं काहीतरी आहे, पण ते एक नाही. गरम वाफांवरचा इलाज वेगळा, झोपेवरचा वेगळा, खालच्या कोरडेपणावरचा वेगळा आणि हाडांवरचा तर अगदीच वेगळा. या सगळ्यांवर चालणारी एक गोळी म्हणून जे विकलं जातं, त्यामागे सहसा पुरावा सगळ्यात कमी असतो. उलट ज्यामागे चांगला पुरावा आहे, ते घ्यायला आपण नावामुळेच कचरतो. म्हणून एकेक पायरी घेऊ.

पहिली पायरी: हार्मोन चालत नाहीत, की भीती वाटते?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल, लिव्हरचा मोठा आजार असेल किंवा अंगावरून जाण्याचं कारण सापडलेलं नसेल, तर हार्मोन सहसा देत नाहीत. अशा बाईला पर्यायच लागतात.

भीतीचं मूळ मात्र बहुतेकदा २००२ सालात असतं. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात थोडे वाढलेले दिसले. जगभर गोळ्या बंद झाल्या. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, ही गोष्ट बातम्यांत मागे पडली. पुढच्या विश्लेषणांतून असं दिसलं, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात केली आणि वरची कारणं नसली, तर बहुतेक बायकांसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. तरीही नको वाटणं हा तुमचा हक्कच आहे. फक्त नकार माहितीवर द्यावा, ऐकीव गोष्टीवर नको.

एका गटाने मात्र हा लेख 'हार्मोनऐवजी' म्हणून वाचू नये. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या किंवा लवकर 'पिशवी काढलेल्या' आणि त्यात अंडाशयही गेलेल्या बायकांसाठी प्रश्न वाफांपुरता नसतो. इतक्या लवकर इस्ट्रोजेन बंद झालं की हाडं आणि हृदय दोन्हींचं नुकसान होतं. त्यामुळे काही आडकाठी नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावेत, असाच सल्ला दिला जातो. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या कितीतरी जणींना नेमकं काय काढलं तेच माहीत नसतं. कपाटातलं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर 'बीएसओ' किंवा 'बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी' असं लिहिलं असेल, तर दोन्ही अंडाशय गेले आहेत. कार्ड घेऊन गायनॅकला भेटा.

दुसरी पायरी: हे पाळी जाण्याचंच आहे ना?

सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात. भारतात हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या. पण त्रास त्याआधी काही वर्षं सुरू होतो, पाळी मागेपुढे होत असतानाच. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर रक्तातलं एफएसएच हे हार्मोन तपासायची सहसा गरज नसते. तो आकडा या काळात रोज वर-खाली होतो.

त्यापेक्षा टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, शुगर आणि बीपी बघा. थायरॉइड वाढलं तरी घाम सुटतो, छाती धडधडते, झोप उडते. रात्री घामाबरोबर बारीक ताप, खोकला आणि वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी आधी.

आणि एक गोष्ट ठळक: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून एक थेंबही गेला तरी डॉक्टरकडे जायचं. "परत पाळी आली वाटतं" म्हणून थांबायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात आणि गरज पडली तर तुकडा तपासतात.

पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस जाणार नाहीत असंही नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढे दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी.

तिसरी पायरी: कालनिर्णयवर नोंद

दुधाचा हिशेब ठेवतो तसाच, पण वेगळ्या रंगाच्या पेनाने. दोन आठवडे पुरे. दिवसा आलेल्या वाफांच्या रेघा चौकोनात वर, रात्रीच्या खाली. फार जोराची असेल तर रेघेवर गोल. शेजारी एक अक्षर: झ म्हणजे झोप मोडली, च म्हणजे चिडचिड, क म्हणजे संबंधाच्या वेळी दुखलं. ते अक्षर घरात इतर कुणाला कळायचं कारण नाही.

ओळखीच्या एका काकूंची तक्रार होती, "दिवसभर नुसती आग होते." चौकोन भरल्यावर दिसलं ते असं: दिवसा दोन-तीन रेघा, आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान रोज तीन-चार, सगळ्या गोलासकट. दिवसाची तक्रार होती ती मुळात झोप न झाल्याची. इलाज निवडताना हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय औषधाने फरक पडला का, हे ठरवायला आधीचा आकडा लागतोच. वाफांवरच्या चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गोळीनेही अनेक जणींना बरं वाटतं. आठवणीवर विसंबलात तर प्रत्येक गोष्ट लागू पडल्यासारखी वाटेल.

चौथी पायरी: गरम वाफा आणि घाम

इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, बिघडलेल्या थर्मोस्टॅटच्या गीझरसारखं: अंगाचं तापमान जरासं हललं तरी शरीराला वाटतं उकडतंय, आणि ते रक्तवाहिन्या उघडून घाम काढतं. एक वाफ साधारण एक ते पाच मिनिटं टिकते. त्रास किती वर्षं चालतो? अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासात निम्म्या बायकांना तो ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला. "काही महिन्यांत जाईल" हा दिलासा प्रत्येकीला लागू नाही.

*डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्या.* व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन. होय, या डिप्रेशनच्या गोळ्या आहेत, आणि इथेच गाडी अडते. मेडिकलवाल्याने पुडीवर नाव लिहिताना जरा वर बघितलं की बाई गोळी न घेताच घरी येते. पण इथे ही गोळी तापमानाच्या त्या केंद्रावरच्या परिणामासाठी असते. डोस बहुधा कमी असतो आणि परिणाम दोन आठवड्यांत कळू लागतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी डोसच्या इस्ट्रोजेनने वाफा सुमारे ५३ टक्के घटल्या, व्हेनलाफॅक्सिनने ४८ टक्के आणि खोट्या गोळीने २९ टक्के. हार्मोन आणि ही गोळी यांत फारसं अंतर नाही, आणि खोट्या गोळीचा आकडाही बघून ठेवा.

पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ होऊ शकतं. काहींची संबंधाची इच्छा कमी होते. व्हेनलाफॅक्सिनवर बीपी तपासत राहावं लागतं. गोळी एकदम तोडायची नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतं. तिथे व्हेनलाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्राम बरं. कॅन्सरचे आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर वेगवेगळे असतील तर दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

काकूंसारखा सगळा त्रास रात्रीचा असेल तर गॅबापेंटिन रात्री घेण्याचा पर्याय डॉक्टर सुचवतात. त्याने झोपही येते. सकाळी गरगरू शकतं, म्हणून सुरुवातीचे दिवस स्कूटी काढू नका. लघवीची घाईही असेल तर ऑक्सिब्युटिनिन दोन्हींवर चालतं. मात्र तोंड फार कोरडं पडतं, आणि वय जास्त असेल तर स्मरणशक्तीच्या दृष्टीने ते जास्त काळ देत नाहीत.

नवं औषध फेझोलिनेटंट. ते थेट तापमानाच्या केंद्रातल्या चेतापेशींवर काम करतं. अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिव्हरला इजा होऊ शकते असा ठळक इशाराही जोडला गेला. आधी आणि मधूनमधून लिव्हरच्या तपासण्या केल्याशिवाय ते घ्यायचं नाही.

*गोळीशिवाय.* ज्याला सीबीटी म्हणतात ती विचार आणि वागणूक बदलायची उपचारपद्धत यात सगळ्यात भक्कम. लंडनमध्ये झालेल्या मेनॉस चाचण्यांत गटात बसून शिकलेल्या आणि पुस्तिका वाचून घरी केलेल्या, दोन्ही प्रकारच्या बायकांना वाफांचा जाच कमी झाला. रेघांची संख्या फारशी घटली नाही, जाच घटला. हा फरक समजून घेतला नाही तर "काही उपयोग नाही" म्हणून सोडून द्याल.

करायचं काय ते बघू. मे महिना, कार्यालयात लग्न, अंगावर येवल्याची पैठणी. मानेपासून कढ वर चढतो. मनात येतं, "सगळे माझ्याकडेच बघताहेत, मेकअप उतरला, आता चक्कर येणार." या विचारानेच छाती धडधडते आणि वाफ आणखी जोर धरते. सरावाने त्या जागी दुसरं वाक्य बसवायचं: "वाफ आहे, दोन-तीन मिनिटांत उतरेल, इथे प्रत्येकालाच घाम आलाय." खांदे सैल सोडायचे, पोटातून संथ श्वास घ्यायचा, पळून बाहेर जायचं नाही. हे घरी, वाफ नसताना आधी घोकावं लागतं. असे चार ते सहा वर्ग प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे होतात.

क्लिनिकल हिप्नोसिसही उपयोगी ठरलेलं आहे. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका चाचणीत पाच आठवड्यांची सत्रं आणि रोज घरी ध्वनिफीत ऐकणं यांनी बारा आठवड्यांत वाफा ७४ टक्के कमी झाल्या, नुसत्या गप्पांच्या गटात १७ टक्के. पण आपल्याकडे 'संमोहन' या पाटीखाली काहीही चालतं. मानसशास्त्राची पदवी विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

योग, प्राणायाम, चालणं यांनी वाफांची संख्या घटते असं चाचण्यांत दिसलेलं नाही. झोप आणि मन मात्र सुधारतं, तेव्हा चालू ठेवा. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याने वाफांवरही फरक पडतो. पंखा, सुती गाऊन, उशाशी पाण्याची बाटली हे इलाज नव्हेत, सोयी आहेत, आणि सोयीला पुरावा लागत नाही. खाण्याचं तुमच्या कालनिर्णयवरच ठरवा. तर्री ओढलेल्या मिसळीनंतर दरवेळी रेघ उमटत असेल तर तर्री बाजूला, मिसळ नव्हे. नाशिकसारख्या वाइनच्या गावात राहतो म्हणून सांगते, रात्रीचा ग्लास हा अनेकींचा छुपा शत्रू असतो.

पाचवी पायरी: झोप

वाफा आटोक्यात आल्या तरी झोप परत येतेच असं नाही, कारण तोवर जागरणाची सवय लागलेली असते. झोपेसाठीची वेगळी सीबीटी असते, तिचा गाभा साधा आणि कडक आहे. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. वीसेक मिनिटं तळमळलात तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, मोबाइलशिवाय. दुपारची डुलकी बंद. पहिले काही दिवस जास्त थकवा येतो आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात. सहा आठवडे धरून ठेवावं लागतं. झोपेच्या गोळ्या मात्र मागून घेऊ नका, त्या सुटायला जड जातात. मोठ्याने घोरत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वाढतो.

मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर 'वयाचं आहे' म्हणून सोडू नका. टेलिमानस १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

सहावी पायरी: जे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही

वाफा कधीतरी जातात, कोरडेपणा मात्र उपचाराशिवाय वाढत जातो. जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीला संसर्ग. दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांत गल्लत करू नका. मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने लावायचं, संबंध असो वा नसो. ल्युब्रिकंट फक्त त्या वेळी. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं घ्या, सुगंधी नको. खोबरेल तेल अनेक जणी वापरतात, पण कंडोम असेल तर तेलाने तो फाटतो. साबण, डेटॉलचं पाणी, 'इंटिमेट वॉश' आत वापरणं बंद.

महागच घ्यायला हवं असं नाही: २०१८ च्या एका अमेरिकी चाचणीत योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी, मॉइश्चरायझर आणि साधं जेल यांच्यात आराम जवळजवळ सारखाच निघाला. तरी जेलने भागलं नाही तर स्थानिक इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. ते रक्तात फार कमी जातं आणि तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या रांगेत त्याला बसवू नये. कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

शिंकताना, हसताना लघवी सुटत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे: वारा रोखून धरतो तसं, पाच ते दहा सेकंद, मग तितकाच वेळ सैल. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. पोट किंवा मांड्या आवळल्या जात असतील तर चुकतंय, फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या.

सातवी पायरी: हाडं, कारण ती बोलत नाहीत

हार्मोन न घेण्याचं ठरवलं की इथे भरपाई करावी लागते. वरची एकही वाफांची गोळी हाडांचं रक्षण करत नाही.

रोज हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियमचा हिशेब स्वयंपाकघरातच बसतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत तेवढं आलं. दूध-दही मिळून दोन पेले धरले तर आणखी साडेचारशेच्या वर. भाकरीवर आणि चटणीत मिळून दोन चमचे तीळ, त्यातून शंभरेक. शेवग्याचा पाला मिळाला तर उत्तमच. हे होत असेल तर गोळीची गरज डॉक्टरांना ठरवू द्या. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण ऊन भरपूर असूनही आपल्याकडे ते सर्रास कमी निघतं. आणि डाळ, अंडी, पनीर, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. स्नायू राहिले तर तोल राहतो, तोल राहिला तर खुबा मोडत नाही.

व्यायामात हाडांवर भार यायला हवा. गोल्फ क्लब मैदानावरच्या किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवरच्या फेऱ्या चांगल्या, पण रमतगमत नको, दम लागेल असं चाला. गुडघे साथ देत असतील तर पांडवलेणीच्या पायऱ्या. आठवड्यातून दोनदा वजन उचलायचं, घरी पाण्याने भरलेल्या बाटल्यांपासून सुरुवात करून वाढवत जायचं. सावरकर तलावात पोहल्याने सांधे सुखावतात, हाडांना मात्र भार मिळत नाही. आईचा खुबा मोडला असेल, पाळी लवकर गेली असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल लवकर विचारा. हाडं विरळ निघालीच तर अलेंड्रोनेटसारखी हार्मोनविरहित औषधं आहेत.

आठवी पायरी: काढे, कॅप्सूल आणि जवस

अमेरिकेच्या 'मेनोपॉज सोसायटी'ने २०२३ साली हार्मोनविरहित उपचारांची छाननी केली. वाफांसाठी सोयाबीनचे अर्क, वनौषधी आणि अॅक्युपंक्चर यांची शिफारस त्यांनी केली नाही. ईव्हनिंग प्रिमरोज तेलही त्यातलंच. जवसाची चटणी खा, छान लागते आणि हृदयाला बरी. वाफा मात्र तिने जात नाहीत, तीही चाचणी झाली आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे समीकरण मला पटत नाही. ब्लॅक कोहोश आणि अश्वगंधा या दोन्हींनी लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडेही हलतात. घ्यायचंच असेल तर शिकलेल्या वैद्यांकडून, एका वेळी एकच औषध, कालनिर्णयवर तारीख घालून. टॅमॉक्सिफेन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. लेबलवर घटकांची मात्रा नसलेली पुडी नकोच.

नववी पायरी: डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं

नाशिकमध्ये त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसमधलं काम सोडून येणं अवघड असतं. त्यांनी बीपी, शुगर, हिमोग्लोबिन गावच्या आरोग्य केंद्रातच करून घ्यावं आणि कागद घेऊन एकदाच शहरात यावं.

सोबत न्यायचं: कालनिर्णयचं पान, चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप (काढे-चूर्णांसकट), जुनं डिस्चार्ज कार्ड. बोलणं असं सुरू करा: "मॅडम, मला सगळ्यात जास्त जाच रात्रीच्या वाफांचा आहे. हार्मोन माझ्यासाठी धोक्याचे आहेत का, आणि नसतील घ्यायचे तर हार्मोनशिवायची कोणती गोळी चालेल?" नुसतं "खूप त्रास होतो" म्हटलं की हातात कॅल्शियमची चिठ्ठी पडते. नवरा किंवा मुलगी सोबत असेल आणि कोरडेपणाबद्दल बोलायचं असेल, तर त्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायला काही हरकत नाही. चिठ्ठीवरच्या औषधाचं मूळ नाव विचारून घ्या. जनऔषधी दुकानात तेच औषध बरंच स्वस्त पडतं.

गोळी सुरू केल्यावर चार आठवड्यांनी रेघा पुन्हा मोजा. अर्ध्यावर आल्या नसतील तर डोस किंवा औषध बदलायची वेळ झाली, आणखी सहा महिने वाट बघायची नाही. लागू पडलं तर वर्षभराने डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवून बघता येतो. मात्र हा प्रयोग एप्रिल-मेमध्ये करू नका. नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला असताना घाम वाफेचा की हवेचा, हे रेघांवरून कळणार नाही. दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर करा.